शुक्रवारचं प्रीतिभोजन

"दोन महिन्यांचं काम मी एका जेवणात उरकतो," गंगाधर भिंगारदिवे म्हणाला, आणि भाताचा असा काही मोठा घास घेतला की जणू उरकायला सुरुवात तिथूनच करायची होती.

कमलनं, त्याच्या बायकोनं, त्याला आणखी भात वाढला. तिच्या मांडीवर सुवार्ता होती. सुवार्ता म्हणजे तिची सात महिन्यांची लेक. नाव आजोबांनी ठेवलेलं. शुभवर्तमान ते हेच, अशा थाटात ती आईची वेणी ओढत होती. नवरा जेव्हा जेव्हा "उरकतो" म्हणतो तेव्हा तेव्हा उरकायचं आपल्यालाच असतं, हे कमल लग्नानंतरच्या दोन वर्षांत शिकली होती.

काम तसं साधं नव्हतं. गंगाधरची धाकटी बहीण ललिता सूतिकागृहात नर्स होती, आणि तिचं मन बसलं होतं पास्कूवर. पास्कू माझगावातलाच, पाखाडीतला, म्हणजे जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, गोदीत फिटर. मुलगा सोन्यासारखा, निर्व्यसनी, मराठी बोलणारा, ख्रिस्ती. आता यात अडचण कसली, असं तुम्हाला वाटेल. कुणालाही वाटेल. पण पास्कूकडचे कॅथलिक आणि भिंगारदिवे मराठी मंडळीचे, म्हणजे मराठी चर्चचे, प्रॉटेस्टंट. माझगावात दोन्ही देवळं एकमेकांपासून इतकी जवळ की एकाची घंटा वाजली की दुसऱ्याच्या गच्चीवरची कबुतरं उडायची. पण माणसं मात्र कधी या दारातून त्या दारात गेली नव्हती.

गंगाधरचे वडील अण्णा नगरकडचे निवृत्त उपदेशक. त्यांनी ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात ते. पोरीला काय मेणबत्त्या विकायला धाडायची?" तिकडे पास्कूची आई, रेजिनमाय, तिनं कमरेवर हात ठेवून पाखाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मरियमायला हात जोडत नाय त्या घरची सून मना नको." एवढ्यावर थांबती तरी चाललं असतं. पण तिनं उत्तनचं एक स्थळ काढलं. मुलीची आई येत्या रविवारी होकार-नकार विचारायला येणार होती. रविवारी रेजिनमाय हो म्हणाली की ललिताचा विषय संपला.

म्हणून गंगाधरनं प्रीतिभोजनाची टूम काढली.

"सगळा महाराष्ट्र एक व्हायला निघालाय," तो म्हणाला, "मुंबईसह. आणि माझगावातली दोन घरं एक होऊ नयेत? एका पंगतीला बसले की मन वितळतं माणसाचं. शुक्रवारी ठरवतो. शुक्रवारी हरताळ आहे, गोदी बंद, पास्कूही मोकळा, मीही मोकळा. मटण करू. मटणापुढे कुठला पंथ टिकलाय?"

ते "करू" मधलं करणं कमलकडे आलं. आवतण द्यायला मात्र तो स्वतः गेला, आणि रेजिनमायनं ते घेतलंही.

इथे एक सांगायला हवं. कमल गिरगावची. तिच्या आजोबांनी जानवं काढून बाप्तिस्मा घेतला होता, पण स्वयंपाकघराला बाप्तिस्मा द्यायचा राहून गेला होता. तिच्या माहेरी येशू येऊन साठ वर्षं झाली, पण मटण काही आलं नव्हतं. लग्नानंतर या चाळीत आली तेव्हा तिनं पहिल्यांदा कच्चं मटण पाहिलं आणि बाहेर कठड्याला धरून उभी राहिली. तिला तिथून आत आणलं शेजारच्या कौसल्याबाईंनी. कौसल्याबाई आणि त्यांचे यजमान कोंडीराम यांनी पुढे, अगदी अलीकडे, धम्मदीक्षा घेतली होती. भिंतीवरचे जुने देव उतरवले होते, पण मसाल्याचा पाटा काही उतरवला नव्हता. कौसल्याबाईंनीच कमलला मसाला भाजायला शिकवलं. "करपू द्यायचं नाही, पण करपतंय की काय असं वाटलं पाहिजे," असा त्यांचा मंत्र होता. तो मंत्र कमलला साधला. आता तिच्या हातच्या रश्श्याला अण्णासुद्धा, जेवण झाल्यावर, "हं" म्हणत. अण्णांचं "हं" म्हणजे इतरांची टाळ्यांची तुफान दाद.

शुक्रवारी सकाळी खाटकानं हरताळाच्या धाकानं फळी अर्धीच उघडली आणि गंगाधरला वाकवून, जवळपास रांगत आत घेऊन मटण दिलं. तोंडावर विजय पसरलेला गंगाधर घरी आला. दुपारपर्यंत पातेलं तयार झालं. वास इतका सुटला की हरताळ पाळून घरी बसलेली सगळी चाळ बाहेर येऊन बसली.

आणि मग पास्कू आला. जेवायला नव्हे, जिन्यात. ललिताला खाली बोलावून त्यानं घाबऱ्या आवाजात काहीतरी सांगितलं. ललिता वर आली ती पांढरी होऊन.

"वहिनी, आज शुक्रवार."

"ते ठाऊक आहे मला. सकाळपासून त्यासाठीच राबतेय."

"शुक्रवारी ते मांस खात नाहीत. वर्षातल्या एकाही शुक्रवारी नाही. प्रभू शुक्रवारी वधस्तंभावर गेला म्हणून. मासे चालतात, मटण नाही."

कमलच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. अण्णा सत्तर वर्षांचे, गंगाधर तीस, ती स्वतः जन्मापासून ख्रिस्ती, आणि समोरच्या देवळातली माणसं शुक्रवारी काय जेवतात हे कुणालाच माहीत नव्हतं! बाहेर कबुतरं मात्र दोन्ही गच्च्यांवर खात होती.

"मग मासे," गंगाधर म्हणाला.

"हरताळ आहे," कमल म्हणाली. "कोळणी नाहीत, बाजार नाही. भाजीसुद्धा नाही. घरात डाळ आहे, बटाटे आहेत आणि तुम्ही आहात."

गंगाधरला पहिल्या दोन गोष्टींचा आधार वाटला. तिसरीकडे त्यानं दुर्लक्ष केलं.

डाळ शिजली, बटाट्याची भाजी झाली. पण पातेलं? पातेलं घरात ठेवलं असतं तर वासानंच पाहुण्यांचा अपमान झाला असता. कमलनं ते फडक्यात धरून शेजारी नेलं आणि कौसल्याबाईंच्या चुलीशेजारी टेकवलं. "हे तुमच्याकडेच ठेवा," ती घाईघाईत म्हणाली. "आमच्याकडे आज हे चालायचं नाही." सुवार्ता रडत होती म्हणून ती तशीच उलट पावली परत पळाली.

कौसल्याबाईंनी झाकण उचलून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "दिलं की हो आपल्याला," त्या म्हणाल्या. कोंडीरामनं मनोमन शेजाऱ्यांना आशीर्वाद दिला आणि भाकऱ्या टाकायला सांगितलं.

दिवेलागणीला पाहुणे आले. पुढे रेजिनमाय, ठेवणीतलं लाल लुगडं, कानात मोठी कर्णफुलं, चालणं असं की गल्लीनं बाजूला व्हावं. मागे तिचा भाऊ इनासमामा. हा माणूस फार कमी बोलायचा, आणि बोलायचा ते जेवणाबद्दलच. सगळ्यात मागे पास्कू, इस्त्री केलेला, परीक्षेला आल्यासारखा. रेजिनमायनं आत आल्या आल्या सुवार्ताच्या गालाला हात लावला आणि "कवरी गो गोरी," म्हणजे केवढी गोरी, असं म्हणाली. कमलला वाटलं, जमणार. पोरीनंही पाहुणीचं कर्णफूल मुठीत पकडून ऐक्याला हातभार लावला. ते सोडवायला तिघे लागले.

पाट मांडले. ताटं वाढली. डाळ, भाजी, भात, लोणचं. रेजिनमायनं ताटाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, कुणी काही घेऊन येतंय का म्हणून. कुणी येईना. इनासमामानं घसा साफ केला. "बाकीचं मागनं येते काय?"

"नाही हो," कमल मोठ्या प्रेमानं म्हणाली. "आज शुक्रवार ना. आम्हाला ठाऊक आहे."

हे वाक्य बोलताना तिला जो अभिमान वाटला तो पुढे कितीतरी दिवस तिच्या अंगावर शहारा आणत असे. कारण रेजिनमायचा चेहरा आक्रसला, पास्कूनं आईकडे पाहिलं, आईनं बोलायला तोंड उघडलं, आणि नेमके त्याच क्षणी अण्णा उभे राहिले.

"आपण प्रार्थना करू या."

अण्णांची प्रार्थना ही नगर जिल्ह्यात प्रसिद्ध गोष्ट होती. एकदा ती सुरू झाली की बाहेर पेरलेलं आत बसलेल्यांना उगवलेलं दिसायचं, असं लोक म्हणत. प्रॉटेस्टंटांचा नियम असा की प्रार्थनेत डोळे मिटायचे. मिटले. अण्णांनी उत्पत्तीपासून सुरुवात केली. आदामाला घेतलं, नोहाला घेतलं, त्याच्या तारवातले प्राणी सवडीनं आत सोडले.

कमलनं डोळे मिटले होते, पण सुवार्तानं मिटले नव्हते. ती मांडीवरून उतरून कुठेतरी निघाली होती. म्हणून कमलनं एक डोळा जरासा किलकिला केला. तेवढ्यात तिला दिसलं ते असं: रेजिनमाय उठली. छातीवर क्रूसाची खूण केली. पदर सावरला आणि पावलांचा आवाज न करता बाहेर गेली. तिच्या मागून इनासमामाही उठला आणि बाहेर गेला. जाताना त्यानं ताटाकडे पाहिलं ते माणूस स्मशानातून परतताना पाहतो तसं.

कमलपुढे पेच उभा राहिला. आता बोलावं तर प्रार्थना मोडते. न बोलावं तर लग्न मोडतं. आणि बोलून सांगायचं काय, की मी पाहिलं? म्हणजे डोळे उघडे होते हे अण्णांच्या प्रार्थनेत कबूल करायचं! तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचाही एक डोळा उघडा होता. दोघांनी एकमेकांना रंगेहाथ पकडलं. गंगाधरनं भुवयांनी विचारलं, "कुठे गेले?" कमलनं मानेनं सांगितलं, "बाहेर." त्यानं हाताच्या बोटांनी विचारलं, "का?" तिनं ज्या नजरेनं पाहिलं तिचा अर्थ विचारायची गरज त्याला पडली नाही. दोघांनी पुन्हा डोळे मिटले. अण्णा मोशेपर्यंत आले होते आणि लाल समुद्र अजून दुभंगायचा होता.

आता बाहेर काय झालं ते सांगते. रेजिनमाय रागावून गेली नव्हती. तिच्या पाद्रीबाबांनी तिला बजावलं होतं, जेवा, पण त्यांच्या प्रार्थनेत सामील होऊ नका, तेवढी मनाई आहे. म्हणून प्रार्थना संपेतो ती शहाण्यासारखी कठड्याशी उभी होती. कोंडीराम दारात हात धूत होता.

"बाहेर का उभ्या, मावशी?"

"आत प्रार्थना चाललीय. आमाला चालत नाय."

"आमच्याकडे प्रार्थना नाही," कोंडीराम म्हणाला. "आमच्याकडे जेवण आहे. या."

"नको रे भाऊ, आमचं ताट वाढलंय तिकडं."

"ताटं कुठे पळतायत. प्रार्थना म्हाताऱ्याची आहे ना? मला माहिताय ती. भिंत एकच आहे आमची. अजून इजिप्तात आहेत ते. बसा तोवर."

तेवढ्यात आतून कौसल्याबाईंनी पातेल्याचं झाकण उघडलं. इनासमामा विचार न करता चालू लागला. नाक पुढे, मामा मागे.

इकडे कमलला भिंतीपलीकडून आवाज येऊ लागले. भांड्याचा. पाट सरकवल्याचा. मग रेजिनमायचं, अगदी स्पष्ट, "अगो बाय! असा रस्सा माझ्या आयशीनं पन नाय केला." तोंडात भाकरी असलेल्या माणसाचा आवाज तिनं ओळखला. आणि मग एक वास, तिचाच, तिनंच भाजलेल्या मसाल्याचा, फटीतून हळूच आत आला आणि तिच्यासमोर येऊन बसला. अण्णा दुष्काळातून बाहेर पडून मिशनरी साहेबांच्या उपकारांवर आले होते. पुढे सुएझ कालवा होता, मंडळीतले आजारी होते, संयुक्त महाराष्ट्र होता. कमलनं ओठ दातात धरले. तिला रडू येत होतं की हसू, तिला कळेना. ललिताच्या मिटल्या डोळ्यांतून मात्र सरळ पाणी येत होतं.

"...आणि हे सर्व आम्ही तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो. आमेन."

अण्णांनी डोळे उघडले. समोर दोन रिकामे पाट. डाळीवर साय धरलेली.

"गेले?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या प्रार्थनेतून उठून गेले?"

कमलनं भिंतीपलीकडे बोट दाखवलं. मग त्यांची नजर तिसऱ्या पाटावर गेली. तिथे पास्कू होता. मान खाली, हात मांडीवर. उठून गेला नव्हता.

"तू का रे बसलास?" अण्णांनी विचारलं. "तुम्हाला मनाई असते ना?"

"सामील व्हायची मनाई हाय, अण्णा. मी आमेन नाय म्हटलं." पास्कू हळूच म्हणाला. "पन ऐकायची मनाई मना कुनी केली नाय."

"ऐकलंस?"

"सगळं ऐकलं."

"मग सांग, काय मागितलं मी?"

गंगाधरनं कपाळाला हात लावला. स्वतः त्यालाही सांगता आलं नसतं.

पास्कूनं विचार केला. "पावसासाठी मागितलं. आजाऱ्यांसाठी मागितलं. इस्पितळातल्या चिंतामणीबाबांच्या गुडघ्यासाठी मागितलं. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून मागितलं." तो थांबला. "फकस्त जेवणासाठी तेवढं राहिलं."

अण्णांनी आठवून पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवून पाहिलं. खरंच राहिलं होतं! चाळीस वर्षं ते प्रार्थना करत होते आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ती शेवटपर्यंत ऐकली होती. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मग म्हणाले, "हं."

ललितानं डोळे पुसले. तिला ते "हं" कळलं होतं.

पण अर्धी लढाई शेजारी बसून हाडं चोखत होती. अण्णा उठले, बाकीचे त्यांच्या मागे. कोंडीरामच्या दारात सगळे येऊन उभे राहिले. आत रेजिनमाय ऐसपैस मांडी घालून बसलेली, हाताला कोपरापर्यंत रस्सा. सुवार्ताही तिथेच होती. रांगत कधी आली कुणास ठाऊक, आता रेजिनमायच्या मांडीवर बसून भाकरीचा तुकडा हिरड्यांनी चघळत होती.

"पंगत सोडून आलात, बाई?" अण्णांनी विचारलं.

"पंगत नाय सोडली. प्रार्थना सोडली. पंगत हितं बसलीय." रेजिनमायनं बोट चाटलं. "आनि काय सांगू तुमाला, मटनाचं आवतान देऊन डाळ घालता? मी पाद्रीबाबांकडे गेले, हात जोडले, म्हटलं बाबा, त्या लोकांनी जीव लावून मटन केलंय, एका शुक्रवारची सूट द्या. तीनदा परत धाडलं मना. चौथ्यांदा दिली, पास्कूला सांगायचं तेवढं राहून गेलं. सकाळपासनं जेवले नाय मी, रुसून नाय, जागा ठेवून! आनि ताटात काय तर बटाटा." तिनं कौसल्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "या बायला बघा. ओळख ना पाळख, बोलावलं नि वाढलं. कोंडीरामभाऊ, तुला लग्नाची पोर असती ना, तर आजच्या आज सोयरीक केली असती मी."

ललितानं दाराची चौकट धरली.

"अहो पण मावशी," कौसल्याबाई गोंधळून म्हणाल्या, "हे मटण कमलताईंचंच आहे. मसाला तेवढा माझा. त्यांनी आज आम्हाला दिलं."

"दिलं नव्हतं," कमल म्हणाली. "ठेवायला दिलं होतं. पास्कूनं सांगितलं तुम्ही शुक्रवारी खात नाही, म्हणून लपवलं. तुमच्यासाठीच केलं होतं. आणि तुमच्यासाठीच लपवलं."

कोंडीरामनं हातातली भाकरी हळूच ताटात परत ठेवली. इनासमामानं ठेवली नाही.

रेजिनमाय कमलकडे पाहत राहिली. आणि मग तिला हसू फुटलं. साधं नव्हे, पोट धरून, कर्णफुलं हलवत, सुवार्ताला मांडीवर उडवत. "अगो पोरी, मी तुझ्यासाठी सूट काढली, नि तू माझ्यासाठी मटन काढलंस! आनि खाल्लं कुनी, इनासनं!"

"चांगलं हाय," इनासमामा म्हणाला. त्याचं त्या संध्याकाळचं दुसरं आणि शेवटचं वाक्य.

अण्णा दारातच होते. शेवटी आत आले आणि कोंडीरामनं सरकवलेल्या पाटावर बसले. रेजिनमायच्या अगदी शेजारी. कौसल्याबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. अण्णांनी प्रार्थनेला तोंड उघडलं, सगळ्यांचे श्वास अडकले, अण्णांनी चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "प्रभू, या अन्नाबद्दल आणि ते रांधणाऱ्या हातांबद्दल आभार. आमेन." नगर जिल्ह्यानं यावर विश्वास ठेवला नसता.

लग्न कुठल्या देवळात, कुणाच्या विधीनं, पोरं झाली तर कुठे न्यायची, यावर पुढे उन्हाळाभर भांडणं झाली. उत्तनच्या बाईला रविवारी नकार गेला तो गेलाच, पण दोन्हीकडच्या पाद्र्यांना घाम फुटला. मात्र ती भांडणं घरातल्या माणसांसारखी झाली, आत बसून, चहा पीत. ती वेगळी गोष्ट.

त्या संध्याकाळी मात्र फक्त एक प्रश्न उरला होता, तो अण्णांनी विचारला. "पण मला एक सांगा, हा शुक्रवार ठरवला कुणी?"

"मी तर रविवार सांगत होते, उत्तनची बाय यायच्या आदी," रेजिनमाय म्हणाली.

"मीही रविवारच म्हणालो होतो," अण्णा म्हणाले. "उपासनेनंतर, म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी, दोन्ही मंडळ्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच, एकाच दिशेला पाहिलं. तिथे गंगाधर उभा होता, ऐक्य झालं म्हणून आनंदानं हात चोळत.

"लग्नाची सगळी व्यवस्था," तो म्हणाला, "मी एका आठवड्यात उरक—"

"नको," अण्णा आणि रेजिनमाय एकदम म्हणाले.

गंगाधर ओशाळला. "मग मी काय करू?"

त्या दोघांनी पुन्हा एकमेकांकडे पाहिलं. एवढं एकमत इतक्या लवकर कुठल्याही परिषदेत झालं नसेल. रेजिनमायनं मांडीवरची सुवार्ता उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"हिला धर," ती म्हणाली. "हिची आय सकाळपासनं उपाशी हाय."